गोळी मीच खाल्ली

लोक आजही मला सुटायची वाट काढून देतात. "तुम्हाला ठाऊक नसेल हो, कुणीतरी चहातून दिली असेल," असं म्हणतात आणि मी मान हलवावी म्हणून थांबतात. चांगल्या मनाने म्हणतात. मी मान हलवत नाही. मला ठाऊक होतं. गोळी पांढरी होती, मधोमध चीर होती, आणि ती मी माझ्या हाताने, पाण्याच्या घोटाबरोबर घेतली होती. एकदा नाही, चार वेळा.

मी टेनिस खेळायचे. सत्तरच्या दशकात दौंडच्या एका रेल्वे फिटरची मुलगी टेनिस खेळते याचं पुण्यातल्या लोकांना नवल वाटायचं. दौंडात कुणाला वाटत नसे. जंक्शनचं गाव, गोरे साहेब गेले, पण त्यांची इन्स्टिट्यूट, म्हणजे रेल्वेचा क्लब, मागे राहिली होती. तिथे एक बिलियर्डचं टेबल होतं, फाटक्या पुस्तकांची दोन कपाटं होती आणि मागच्या अंगाला टेनिसचं कोर्ट. मुरमावर लाल माती आणि वरून शेणाचा हात. लोको शेडचा धूर वाऱ्याने तिकडे आला की पांढरे चेंडू दोन गेममध्ये करडे व्हायचे.

ते कोर्ट राखायचे चाचा. कोर्टावर रूळ फिरवायचा, चुन्याने रेघा मारायच्या आणि संध्याकाळी कुणा साहेबाला जोडीदार नसला तर त्याच्याशी खेळायचं, अशी ती नोकरी. तिला मार्कर म्हणतात. चाचा मूळचे शिरूरचे, तिथल्या जुन्या मुसलमान वस्तीतले. खेळायला असे की पुण्यातले भलेभले त्यांच्यापुढे टिकले नसते. पण मार्कर पगार घेऊन खेळणारा, म्हणून त्याला स्पर्धेत नाव देता येत नसे. आणि इन्स्टिट्यूटच्या कोर्टावर त्यांना जिंकताही येत नसे. "साहेबाला दमवायचं, पन हरवायचं न्हाई," हा त्यांचा नियम. तीस वर्षं तो माणूस रोज संध्याकाळी मुद्दाम हरत आला होता.

मी बारा वर्षांची असताना त्यांनी मला एक जुनी रॅकेट दिली. लाकडी, तात निम्मी तुटलेली. दुपारी साडेतीन ते पाच, साहेब लोक यायच्या आधी, कोर्ट आम्हा दोघांचं. चाचा गोड बोलून शिकवत नसत. चुकलं की चेंडू हातात धरून नुसते बघत राहायचे. मग म्हणायचे, "का चुकला?" मला उत्तर द्यावंच लागायचं. "पाय उशिरा पडला" असं म्हटलं आणि खरं कारण दुसरंच असलं, तर पुन्हा तोच प्रश्न. सहा-सात वर्षं मी त्या प्रश्नाची उत्तरं देत वाढले.

चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपात आप्पा, म्हणजे माझे वडील, उतरले होते. त्यांना कामावरून काढलं. घरात बसून होते तेव्हा ते दिवसभर कंदील पुसायचे. पुसलेला कंदील पुन्हा पुसायचे. पुढे एका कागदावर सही करून ते कामावर परत गेले. इतरांनी भुलवलं म्हणून मी संपात गेलो, असं त्या कागदावर होतं. ज्यांच्याबरोबर संपात गेले ते त्यांच्याच शेडमधले, शेजारच्याच क्वार्टरमधले लोक. त्यानंतर आप्पा नळावर पाणी भरायला जाईनासे झाले. आई जायची.

त्याच सुमाराला पुण्याजवळच्या एका कारखान्याने मला नोकरी दिली. कागदावर मी टाइम ऑफिसमधली कारकून. खरं तर मला घेतलं होतं खेळायला. कारखान्याच्या नावाने स्पर्धा जिंकायच्या, फोटो त्यांच्या मासिकात. चाचांना पगार घेऊन खेळतो म्हणून स्पर्धेत येऊ दिलं नाही, आणि मला पगार मिळत होता तो मी खेळत होते म्हणूनच. फरक एवढाच की माझ्या पगारावर दुसरं नाव होतं. सकाळच्या पॅसेंजरने पुणे, तिथून बस, दुपारपर्यंत हजेरीची कार्डं, मग दोन तास सराव, संध्याकाळच्या गाडीने परत. रविवारी चाचांच्या हाताखाली. मी दमत होते. हे कारण म्हणून सांगत नाही. तशी होतेच दमलेली.

माझे मामा शिरूरला राहायचे आणि नगर-पुणे-मुंबई रस्त्यावर ट्रक चालवायचे. एकदा मी शिरूरहून पुण्याला त्यांच्या ट्रकमधून निघाले होते. शिक्रापूरला चहाला थांबलो. मामांनी केबिनमधल्या डब्यातून एक गोळी काढली, चहाबरोबर गिळली आणि म्हणाले, "जागरणाची हाय. आता मुंबईपत्तूर डोळा लागायचा न्हाई." समोरच्या बाकड्यावरच्या ड्रायव्हरनेही एक मागून घेतली. तंबाखू मागावी तशी मागितली. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं.

महिनाभराने मी मामांना म्हटलं, "बाहेरून बी.ए.ला बसलेय. अभ्यासाला झोप येते. त्या गोळ्यांची एक पट्टी द्या ना."

मामांनी दिली. वर म्हणाले, "अर्धीच खा. आन् रोज न्हाई हां."

मी बी.ए.ला बसले नव्हते. या सगळ्या प्रकरणात मला लाज वाटते ती या वाक्याची. गोळीची नंतर वाटली, पण या वाक्याइतकी नाही.

पहिली अर्धी गोळी मी सोलापूरच्या एका स्पर्धेत उपांत्य फेरीच्या आधी घेतली. काय झालं ते खरंखरं सांगते. तोंड कोरडं पडलं. हाताची बोटं गार पडली. आणि चेंडू मोठा दिसायला लागला. नेट खाली बसल्यासारखी वाटली. तिसऱ्या सेटमध्ये समोरची मुलगी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती आणि मी पायाच्या चवड्यांवर नाचत होते. मी जिंकले. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यालाही अर्धी घेतली. तोही जिंकले. पितळी ढाल मिळाली. गाडीत मी ती मांडीवर घेऊन बसले आणि दौंड येईपर्यंत रडत होते. का, ते कळत नव्हतं. जेवण दोन दिवस गेलं नाही. चाचांनी ढाल पाहिली आणि विचारलं, "तिसऱ्या सेटला दमली न्हाईस?"

"नाही," म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "का न्हाई दमलीस?" असं त्यांनी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ठाऊक नाही. त्यांनी विचारलं नाही.

तिसऱ्यांदा घेतली त्या सामन्यात मी हरले. तेही सांगायला हवं. गोळीने पाय पळतात, डोकंही पळतं, आणि पळणारं डोकं चेंडू नेटमध्ये मारतं.

चौथी वेळ पुण्यातली, त्याच हिवाळ्यातली. दोन दिवस अवकाळी पावसाने कोर्ट ओलं राहिलं, म्हणून एका दिवसात दोन सामने लावले. सकाळचा मी कसाबसा जिंकले. दुपारच्या आधी मी पूर्ण गोळी घेतली. दुसऱ्या सेटमध्ये छातीत असं धडधडायला लागलं की मला माझ्या कानांत ऐकू येत होतं. तरी खेळत राहिले. सर्व्हिस करायला चेंडू वर टाकला आणि तो खालीच आला नाही, निदान मला तरी दिसला नाही. मी गुडघ्यावर बसले.

स्पर्धेचे डॉक्टर धावत आले. तंबूत नेऊन त्यांनी नाडी धरली, डोळ्यांत टॉर्च टाकला आणि हळूच विचारलं, "काय घेतलंयस?"

मी सांगितलं. डॉक्टरने विचारलं होतं आणि मला मरायचं नव्हतं. त्यांनी इंजेक्शन देऊन मला झोपवलं, वाचवलंच म्हणा, पण त्यांनी ते टेनिस संघटनेलाही कळवलं. त्यांचं काही चुकलं नाही. माझ्या रॅकेटच्या खोळीत पट्टी होतीच. उरलेल्या गोळ्या तशाच.

पंधरा दिवसांत गावभर झालं. दौंडात मला "गोळीवाली" म्हणू लागले. मग पत्र आलं की संघटनेचे सेक्रेटरी स्वतः दौंडला येऊन माझी आणि इन्स्टिट्यूटच्या मार्करची चौकशी करणार.

"मार्करची कशाला?" आईने विचारलं. ते मलाही कळलं नव्हतं.

कळलं आदल्या दिवशी. कारखान्यातल्या साहेबांनी निरोप धाडला होता: कागद तयार आहे, त्यावर सही कर, सगळं मिटेल. मार्करने दिली असं त्यात लिहिलंय.

मी घरी सांगितलं. आप्पा जेवत होते. घास तसाच हातात धरून ते म्हणाले, "मग कर सही."

"आप्पा, चाचांनी दिली नाही."

"त्ये मला ठावं हाय. पन म्हातारा काय, आज हाय, उद्या रिटायर हुईल. तुजी नोकरी जाईल. कागद म्हंजी कागद असतो. सही करायची आन् कामाला जायचं."

"तुम्ही केली तशी?"

असं मी बापाला बोलले. आई पाठमोरी होती, ती तशीच राहिली. आप्पांनी घास ताटात ठेवला, हात धुतला आणि बाहेर गेले. मी माफी मागायला उठले नाही. आज मागितली असती की नाही, सांगता येत नाही.

तेवढ्यात क्वार्टरसमोर ट्रक येऊन थांबला. मामांना शिरूरमध्येच कुणीतरी सांगितलं होतं. दारातूनच म्हणाले, "उद्या मी येतो त्या साहेबाम्होरं. मीच दिल्या म्हनून सांगतो. खरंच हाय की त्ये."

"तुम्ही अभ्यासाला दिल्या होत्या," मी म्हटलं. "परीक्षा नव्हतीच, मामा. मी खोटं बोलले."

मामा उंबऱ्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला सरळ मागितल्या असत्यास तर न्हाई म्हनलो असतो," ते म्हणाले. "म्हनून खोटं बोललीस व्हय?"

"हो."

"मंग बराबर हाय. माजं नाव घिऊ नकोस." त्यांनी चहा घेतला नाही. पण जाताना डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात जरा जडच ठेवला.

चौकशी इन्स्टिट्यूटच्या बिलियर्डच्या खोलीत झाली. टेबलावर चादर टाकून त्याचंच मेज केलं होतं. सेक्रेटरी आणि त्यांच्याबरोबर एक सभासद, पलीकडे खुर्च्या टाकून. टेबल इतकं रुंद की बोलताना थोडं मोठ्यानेच बोलावं लागत होतं. खिडकीतून कोर्ट दिसत होतं आणि चाचा रूळ ओढत होते. त्यांना बाहेर थांबायला सांगितलं होतं. नुसतं थांबणं त्यांना कधी जमलं नाही.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. पंचावन्न-छप्पनचे, पांढरी पँट, स्वच्छ बूट. त्यांनी मला खुर्ची पुढे केली.

"बस, बाळ. घाबरू नकोस. मी तुझ्या भल्यासाठीच एवढ्या लांब आलोय."

टाइप केलेला इंग्रजी कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि मराठीत अर्थ सांगितला. इन्स्टिट्यूटच्या मार्करने ताकदीची गोळी म्हणून मला काहीतरी दिलं. ते काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. झाल्या प्रकाराचं मला दुःख आहे.

"एवढंच. खाली सही कर. तुला ताकीद मिळेल, सहा महिने बाहेर बसशील. कारखान्याशी मी बोललोय. नोकरीला धक्का लागणार नाही."

"आणि चाचांचं काय?"

"त्यांचं काय? पुढच्या वर्षी रिटायर होतायत. त्यांनी खेळाडूंना शिकवू नये, एवढं आम्ही कळवू. नाहीतरी ते काही कोच नाहीत."

"मला त्यांनीच शिकवलंय."

"त्यांनी तुला बॉल टाकलेत, बाळ. शिकवणं वेगळं."

मी खिडकीबाहेर पाहिलं. चाचा बेसलाइनपाशी वाकून बोटाने माती दाबून बघत होते.

"त्यांनी गोळी दिली असं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणीतरी दिलीच असणार ना? तुझ्यासारख्या मुलीला असल्या गोळ्या कुठून मिळणार? तुला त्यातलं काय कळणार?"

तोपर्यंत मी घाबरलेली होते. हात मांडीखाली दाबून बसले होते. त्या एका वाक्याने भीती गेली. माझ्यासारख्या मुलीला टेनिस येतं ते कुणीतरी चेंडू टाकले म्हणून, आणि माझ्यासारखी मुलगी गुन्हा करते तोही कुणीतरी करवला म्हणून. म्हणजे चांगलं नाही आणि वाईटही नाही, माझं स्वतःचं काहीच नाही. मला राग आला. असा राग मला कोर्टावरही कधी आला नव्हता.

"साहेब, पेन द्या," मी म्हटलं.

त्यांनी हसून पेन दिलं. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहायला घेतलं. चार वेळा घेतली. कुठे, कुठल्या सामन्याला, अर्धी की पूर्ण. काय असतं ते मला ठाऊक होतं. जिंकायचं होतं म्हणून घेतली. गोळ्या कुठून आणल्या ते सांगणार नाही. ज्याने दिल्या त्याला मी खोटं कारण सांगितलं होतं. मार्करला यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी मला टेनिस शिकवलं. 'शिकवलं' या शब्दाखाली मी रेघ मारली.

कागद सरकवला. सेक्रेटरींनी चष्मा लावून वाचला, मग सभासदाला दिला. त्याने वाचून पुन्हा त्यांना दिला.

"अगं, बाकीच्या तीन वेळांचं आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "हे कशाला लिहिलंस?"

"खरं लिहायचं तर अर्धं कसं लिहू?"

"याची शिक्षा मोठी होईल."

"होऊ दे. माझीच आहे ती. आणि साहेब, सोलापूरची ढाल मी परत पाठवते, ती गोळीची आहे. माझ्याकडे आणखी पाच बक्षिसं आहेत. ती माझी आहेत. ती मागू नका."

"उद्धटपणा करू नकोस."

"उद्धटपणा नाही, साहेब. वेगवेगळं करून सांगतेय."

बाहेर आले तर चाचा रूळ थांबवून उभे. "काय ईचारलं?"

"तुमचं नाव घालायला सांगत होते. मी नाही घातलं."

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आणि खोटं कशाला बोलू, मला शाबासकी हवी होती. नोकरी घालवून आले होते.

चाचा म्हणाले, "मी दिली न्हवती, मंग नाव येतंय कुठनं? त्यात काय उपकार केलास?" मग रूळाचा दांडा सोडून ते माझ्यासमोर आले. "तू का खाल्लीस? म्हंजी माजं शिकवल्यालं कमी पडलं व्हय?"

मला उत्तर आलं नाही. इतकी वर्षं त्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती, याला नाही. ते परत रूळ ओढायला लागले. त्या दिवसानंतर वर्षाच्या वर ते माझ्याशी बोलले नाहीत.

शिक्षेचं पत्र आलं तेव्हा संध्याकाळ होती. पोस्टमनने ते दारात दिलं आणि जाईना. शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका, शेडमधून सुटलेले दोघेतिघे, सगळे घुटमळत उभे. आप्पा आतून आले.

"मोठ्यानं वाच," ते म्हणाले.

"इंग्रजीत आहे."

"मग मराठीत करून वाच. समद्यांना ऐकू दे."

मी वाचलं. दोन वर्षं कुठल्याही मान्य स्पर्धेत खेळायचं नाही. मान्य क्लबाच्या कोर्टावर पाऊल ठेवायचं नाही. कारण, खेळाडूने स्वतः कबूल केलेला गुन्हा. खाली सही.

"आनखी कुनाचं नाव हाय त्यात?" आप्पांनी विचारलं.

"नाही. माझं एकटीचं."

"बरं झालं," ते म्हणाले. मग शेडमधल्या त्या माणसांकडे बघून म्हणाले, "मला न्हवतं जमलं." एवढंच बोलले आणि बादली उचलून नळावर गेले. ते कुणाविषयी बोलत होते हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. एकाने नळावर त्यांना पुढे जाऊ दिलं, हे मी पाहिलं.

कारखान्याचं पत्र पुढच्याच आठवड्यात आलं. ढाल मी गोणपाटात शिवून पार्सलने पाठवली. दौंडात राहून चाचांच्या कोर्टाच्या बाहेरून रोज ये-जा करणं मला जमेना, म्हणून मी शिरूरला मामांकडे गेले.

शिरूरला कोर्ट नव्हतं. मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याच्या गोदामाची मागची भिंत होती, चांगली उंच, दगडी. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मारा की. दगूड हाय, त्याला काय हुतंय?" नेटच्या उंचीवर मी चुन्याची रेघ ओढली आणि सकाळी सहाला सुरुवात केली. दिवसा मुलींच्या इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचे.

यार्डातले हमाल कांद्याच्या गोण्या उतरवता उतरवता बघायचे. एकजण म्हणाला, "ताई, भितीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"भिंत एकदाही चुकत नाही," मी म्हटलं. "तिचा राग येतो."

ते हसले. हळूहळू त्यांना खेळ कळायला लागला. चेंडू रेघेखाली लागला की गोण्यांमागून आवाज यायचा, "ग्येला!" त्यांनाही ठाऊक होतं मी कोण ते. एकदा एका आडत्याने मुद्दाम ऐकू जाईल असं म्हटलं, "हीच व्हय ती गोळीवाली?" मी रॅकेट खाली केली आणि म्हटलं, "हो, मीच. चार खाल्ल्या. तुम्हाला काय विचारायचंय?" त्याला काहीच विचारायचं नव्हतं. असं म्हणणाऱ्या कुणालाच काही विचारायचं नसतं, हे मी त्या दोन वर्षांत शिकले. आपण होऊन मोठ्याने सांगितलं की त्यांच्याकडे बोलायला काही उरत नाही.

मामांनी गोळ्या सोडल्या होत्या. मी सांगितलं नव्हतं. "आता झोप आली की गाडी कडंला लावतो," म्हणायचे. "मालक बोंबलतो. बोंबलू दे."

दुसऱ्या वर्षी, दिवाळी होऊन गेली होती, मी भिंतीवर बॅकहँड मारत होते. मागून आवाज आला, "खांदा लवकर उघडतीस."

चाचा. रिटायर होऊन शिरूरला घरी परत आले होते. किती दिवस येऊन बघत होते कोण जाणे. हातात कापडी पिशवी, पिशवीत इन्स्टिट्यूटचे टक्कल पडलेले चेंडू.

"चाचा," मी म्हटलं, "तुमचं शिकवलेलं कमी नव्हतं पडलं. मला दम धरवला नाही."

ते बघत राहिले. खरं कारण आलं की नाही, तपासत असल्यासारखे. मग म्हणाले, "मंग आता धर. खांदा बंद ठेव."

घोडनदीच्या कडेला मामांच्या ओळखीतल्या एकाचं खळं होतं. मळणी आटोपली की ते रिकामंच असायचं. चाचांनी त्यावर शेणाचा हात दिला, दोन बांबू रोवून मध्ये मासेमारीचं जुनं जाळं बांधलं. तिथे आम्ही खेळायला लागलो. आणि तिथे मी पहिल्यांदा चाचांना जिंकायला खेळताना पाहिलं. आता त्यांच्यासमोर कुणी साहेब नव्हता. साठी उलटलेला माणूस, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, आणि त्यांनी मला सहा-तीन हरवलं. शेवटचा चेंडू असा कोपऱ्यात टाकला की मी पोहोचलेसुद्धा नाही. मग जाळ्याला धरून उभे राहिले आणि धापा टाकत हसत सुटले. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आठवडाभर ते ज्याला-त्याला सांगत होते, "पोरीला हरीवली."

अठ्ठ्याहत्तरमध्ये शिक्षा संपली. संपली त्याच महिन्यात पुण्यात स्पर्धा होती. सगळे म्हणाले थोडं थांब, लोकांना विसरू दे. मला कुणी विसरायला नको होतं. मी अर्ज भरला.

कपडे बदलायच्या खोलीत दोन मुली मला बघून आपल्या पिशव्या उचलून पलीकडच्या बाकावर गेल्या. बाहेर नाव नोंदवायच्या टेबलापाशी सेक्रेटरी उभे होते. केस पांढरे झाले होते.

"पुन्हा आलीस?" ते म्हणाले.

"तुम्ही दोन वर्षं सांगितली होती, साहेब. झाली."

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. चाचा स्वच्छ धुतलेला सदरा घालून, माझ्या रॅकेटची खोळ खांद्याला लावून उभे होते. "हे कोण?" त्यांनी विचारलं; ओळखलं नसावं, किंवा ओळखलं असावं.

"माझे कोच," मी म्हटलं.

पहिली फेरी मी जिंकले. दुसऱ्या फेरीत सतरा वर्षांची एक मुलगी होती, उंच, डावखुरी. तिसऱ्या सेटमध्ये माझे पाय शिशाचे झाले. घशाला कोरड पडली, पोटरीत गोळा आला. इतकी दमले होते की सर्व्हिसला हात वर जात नव्हता, आणि त्या दमण्याने मला आतून बरं वाटत होतं, हे कुणाला पटणार नाही. सात-पाच हरले. नेटपाशी जाऊन तिचा हात धरला. तिची आई वरच्या बाकांवरून आठ्या घालून बघत होती, पण तिने धरला.

परतीच्या एस.टी.त मी पोटरी चोळत बसले होते. चाचा बोटांवर मोजत माझ्या चुका सांगत होते. पहिल्या सेटला तीन वेळा खांदा उघडला. तिची सर्व्हिस बाहेर वळते हे ओळखायला अर्धा तास लागला. मग म्हणाले, "आन् पाच-पाचाला तो चेंडू सोडलास. आत पडला."

"आउट होता."

"आत व्हता. रेघंवर."

"चाचा, आउट होता. पंचाचं चुकलं."

"पंच बराबर व्हता. म्या चुना उडाल्याला पाह्यला."

"चुना नव्हता, माती होती."

पुढच्या बाकावरचा माणूस मागे वळून बघायला लागला. कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता विचारलं, कसली भांडणं चाललीयत. चाचांनी त्याला पहिल्यापासून समजावून सांगायला घेतलं, रेघ कुठे, चेंडू कुठे, आणि मी मधेच तोडत होते. शिरूरच्या स्टँडवर उतरलो तरी मिटलं नव्हतं. तो चेंडू आउटच होता. चांगला दोन बोटं.